दाब जागेवरच धरावा लागतो

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका ठेक्यात चालू लागले. त्याआधी दक्षिणेशी देवाणघेवाण होई ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या डीसी जोडण्यांतून. 16 ऑगस्ट 2014 ला पंतप्रधानांनी सोलापुरात येऊन वाहिनीचे लोकार्पण केले. ‘एक देश, एक ग्रिड, एक फ्रिक्वेन्सी’ ही घोषणा या जोडणीबरोबर सर्वतोमुखी झाली.

घोषणेत व्होल्टेज नाही, आणि ते असूही शकत नाही. फ्रिक्वेन्सी साऱ्या देशात एकच, 50 हर्ट्झच्या आसपास. व्होल्टेज मात्र फीडरागणिक वेगळे. डोक्यावरून 765 किलोव्होल्टची वाहिनी गेलेली असते आणि खाली उसातला शेतकरी म्हणतो, ‘लाईट डीम आहे, मोटार उचलत नाही.’ दोन्ही खरेच असते.

मोटार फिरायची तर आधी तिच्यात चुंबकक्षेत्र उभे राहावे लागते. पंप असो की सोलापूरचा यंत्रमाग, त्यासाठी लागते ती रिॲक्टिव्ह पॉवर. ती स्वतः पाणी चढवत नाही, तारेतून नुसती ये-जा करते. पण तिच्यावाचून पाणी चढतही नाही. शिवाय ती लांबून आणणे परवडत नाही, कारण वाटेतल्या तारा आणि रोहित्रेच ती गिळतात. प्रवाह दुप्पट झाला की हे गिळणे चौपट होते. विदर्भातल्या कोळशाची वीज सोलापूरला आणता येते. दाब, म्हणजे व्होल्टेज, टिकतो तो मात्र या रिॲक्टिव्ह पॉवरवर, आणि तिची सोय सोलापुरातच हवी.

ती कमी पडली तर काय होते? उजनीच्या पट्ट्यात थ्री फेज आली की ऑटोस्विच लावलेल्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, दाब पडतो. पाण्याचा भार तोच असल्याने चालू मोटारी आणखी करंट घेतात, दाब आणखी पडतो. तिकडे उपकेंद्रातले रोहित्र टॅप बदलून खालचा दाब सावरू पाहते, म्हणजेच वरच्या वाहिनीवर बोजा वाढवते. हा सद्हेतूच अनेकदा घात करतो. जनित्रे रिॲक्टिव्ह पॉवर देण्याच्या (एक्सायटेशनच्या) मर्यादेला टेकली की मदतीला कोणी उरत नाही. डीपी जळणे ही याची गावपातळीवरची आवृत्ती.

मोठी आवृत्ती टोकियोने 23 जुलै 1987 रोजी पाहिली. कडक उन्हाळा, जेवणाची सुट्टी संपलेली, एसी पुन्हा सुरू. मागणी मिनिटाला 400 मेगावॅटने चढू लागली. 500 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर काही ठिकाणी 370 च उरले आणि सुमारे 28 लाख ग्राहकांची वीज गेली. आपल्याकडे 30 जुलै 2012 च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर वाहिनी आपोआप बंद पडली, तेव्हा तिच्यावर बिघाड नव्हताच. जास्त करंट आणि कमी दाब हे मिश्रण वाहिनीच्या संरक्षक रिलेला बिघाडासारखे दिसले. उत्तर भारत अंधारात गेला. पश्चिम ग्रिड, म्हणजे महाराष्ट्रही, तगला.

सोलापूरच्या उपकेंद्रात पॉवरग्रिडने यावर उपाय म्हणून स्टॅटकॉम बसवला आहे. क्षमता 300 मेगाव्हार, दोन्ही दिशांना: दाब पडला की रिॲक्टिव्ह पॉवर द्यायची, चढला की शोषायची, तीही सेकंदाच्या अंशात. पाच एचपीच्या पंपाला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. तो शेतकऱ्याच्या पेटीतला स्टॅटकॉमचा गरीब भाऊच. दीड लाख पंपांवर तो बसला तर बेरीज तेवढीच, 300 मेगाव्हार, आणि तीही नेमकी गरजेच्या जागी. महावितरण वर्षानुवर्षे ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणते ते यासाठी. शेतकरी ऐकत नाही याला आडमुठेपणा म्हणणे मला पटत नाही. लाईट रात्री-अपरात्री येणार असेल तर साप-विंचवाच्या वाटेने स्टार्टर दाबायला कोण जाईल? दिवसा वीज देणारे सौर फीडर हे म्हणूनच ऑटोस्विचवरचे खरे औषध आहे.

मात्र सौर विजेने प्रश्नाचे दुसरे टोकही पुढे आणले आहे. दुपारी सौर वीज जवळच तयार होते किंवा पावसाळ्यात पंप बंद असतात, तेव्हा लांब वाहिन्या हलक्या होतात आणि स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करून दाब वर ढकलतात. ग्रिड संहितेनुसार 765 च्या वाहिनीला 800 ही वरची मर्यादा. तिच्या आत राहायला रिॲक्टर जोडावे लागतात, प्रसंगी वाहिनीच बंद ठेवावी लागते. 28 एप्रिल 2025 च्या भर दुपारी स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले ते दाब पडून नव्हे, चढून. त्या वेळी तिथे सौर वीज भरपूर होती, पण दाब आवरायला हवी तेवढी यंत्रणा हाताशी नव्हती.