स्टिअरिंगच्या तेलाची टाकी
हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाके वळवताना चालकाच्या हाताचा भार हलका करतो. बाजारात आलेल्या मोटारींत ही योजना प्रथम १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियलमध्ये दिसली. अमेरिकेत रुळलेल्या होंडा ओडिसी या मिनीव्हॅनच्या जुन्या पिढ्यांत या तेलाची प्लास्टिकची टाकी केवळ साठवणीचे भांडे नसते, कारण तिच्या तळाशी बारीक जाळी असते. झिजेचे कण साचून ही जाळी तुंबली, की पंपाच्या ओढीच्या बाजूस दाब घटतो, तेलात बुडबुडे होतात आणि ते दाबाच्या बाजूस फुटू लागतात; या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. स्टिअरिंग वळवताना येणारा किंचाळल्यासारखा आवाज अनेकदा यातूनच निघतो, तरीही दोष पंपाच्या माथी मारला जातो, जो टाकीहून कितीतरी महाग असतो.

जाळी टाकीतच पक्की असल्याने टाकीच बदलणे सोयीचे ठरते: जुने तेल शोषून काढावे, क्लॅम्प सैल करून दोन्ही नळ्या सोडवाव्यात आणि नवी टाकी बसवावी. खरी दक्षता त्यानंतर लागते, कारण कोरडा पंप लवकर झिजतो. म्हणून पुढील चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत हवा बाहेर काढावी आणि घटलेली पातळी भरत राहावे. तेल मात्र होंडाने या कामासाठी सांगितलेलेच असावे, कारण इतर तेलाने रबरी सील खराब होऊ शकतात.