यंत्राचा जन्मक्रमांक

संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यांतच ४८ बिटांचा, म्हणजे शून्य-एकांच्या ४८ खुणांचा, क्रमांक मिळतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तींत मात्र पत्त्याचा उत्तरार्ध ६४ बिटांचा. तेव्हां तो क्रमांक मधोमध तोडून तेथें एफएफएफई हीं १६ बिटें घालावयाचीं आणि डावीकडून सातवें बिट उलटावयाचें. षोडशमान लेखनांत ००-१ए-२बी-३सी-४डी-५ई याचें ०२१ए:२बीएफएफ:एफई३सी:४डी५ई होतें. युक्ति सुबक खरी. पत्ते वांटणारा कारकून नकोच! परंतु घर, कचेरी, उपाहारगृह, कोठेंही गेलें तरी उत्तरार्ध तोच. परक्याला त्या माणसाचा माग सहज काढतां येतो. म्हणून आयईटीएफ या संस्थेनें २००१ सालीं तात्पुरते, यादृच्छिक उत्तरार्ध सुचविले. २०१७ सालीं तर स्थिर पत्त्यांतही हा क्रमांक गुंफूं नये, अशी शिफारस केली.