बीटा, आरसी, व्हर्जन २: ॲपच्या नावामागच्या या शेपटांचा अर्थ काय?

मोताळा तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोयाबीन पेरलं, कपाशी लावली, एवढ्यावर भागत नाही. ते पीक सातबाऱ्यावर चढावं लागतं आणि त्यासाठी मोबाईलवर ई-पीक पाहणीचं ॲप उघडावं लागतं. नोंद राहिली तर हमीभावाने माल विकताना किंवा अतिवृष्टीची मदत मागताना अडचण येते. अशा वेळी गावच्या ग्रुपवर "नवीन व्हर्जन आलंय, जुनं चालणार नाही" असा मेसेज आला, की प्रश्न पडतो: व्हर्जन बदललं म्हणजे नेमकं बदललं काय?

हे ॲप राज्यभर सुरू झालं १५ ऑगस्ट २०२१ ला. १ ऑगस्ट २०२२ ला 'व्हर्जन २' आलं आणि त्यात नुसता रंगरंगोटीचा फरक नव्हता. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित धरायची आणि तलाठ्याने त्यातल्या किमान १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. चुकलेली नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं टाकता येऊ लागली. १ चे २ होणं म्हणजे काय, याचं हे चांगलं उदाहरण. कामाची पद्धतच बदलली, म्हणून पुढचा मोठा आकडा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांमध्ये रूढ असलेली एक पद्धत अशीच आहे. समजा एखाद्या ॲपचा आकडा २.३.१ आहे. पहिला आकडा वाढला तर मोठा बदल, कदाचित जुन्याशी न जुळणारा. मधला वाढला तर नवी सोय, पण जुनं सगळं चालू. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती.

अडचण एवढीच की ही पद्धत पाळायची सक्ती कोणावरच नाही. क्रोम ब्राउझरने २०२२ मध्येच शंभरी गाठली, कारण तिथे दर काही आठवड्यांनी मोठा आकडा वाढतो. व्हॉट्सॲपच्या २.२४ मधला २४ हा सोयींचा हिशेब नाही, ते २०२४ साल आहे. उबुंटू २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल. विंडोज ८.१ नंतर थेट १० आलं, ९ आलंच नाही. त्यामुळे एका ॲपचा आकडा ४ आणि दुसऱ्याचा १२० असेल, तर दुसरं ॲप तीसपट चांगलं ठरत नाही.

आता आकड्यांसोबत येणाऱ्या शब्दांकडे वळू. अल्फा म्हणजे अर्धवट बांधलेलं घर. आत बनवणारेच फिरतात. बीटा म्हणजे घर उभं आहे, पण नळ गळतो का हे बघायला बाहेरच्या लोकांना राहायला बोलावलंय. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट (गाडीच्या आरसीशी संबंध नाही): मोठी चूक सापडली नाही तर हेच अंतिम. त्यानंतरचं ते स्टेबल. एलटीएस लिहिलेलं असेल तर त्या आवृत्तीला दुरुस्त्या जास्त वर्षं मिळत राहतात.

हे शब्दही कंपनीच्या मर्जीवर चालतात. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि जुलै २००९ पर्यंत त्यावर 'बीटा' लिहिलेलं होतं. कोट्यवधी लोक ते वापरत असतानाही! उलट, घाईने 'स्टेबल' म्हणून आलेलं ॲप पहिल्याच दिवशी बंद पडू शकतं.

तरीही बीटाची पाटी गंभीरपणे घ्यावी. प्ले स्टोअरवर 'बीटामध्ये सामील व्हा' हा पर्याय दिसतो तेव्हा तुम्ही चाचणीचं काम स्वीकारता. घरात एकच फोन असेल आणि त्यावरच बँक, पीक नोंद, मुलांचा अभ्यास चालत असेल, तर ही हौस परवडणारी नाही. परत साध्या आवृत्तीवर यायला बहुतेक वेळा ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं. जुन्या आवृत्तीला चिकटून राहणंही बरं नाही. विंडोज १० च्या मोफत नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. सेतू केंद्र किंवा झेरॉक्सच्या दुकानात आपली कागदपत्रं ज्या कॉम्प्युटरवर उघडतात, त्यासाठी ही तारीख महत्त्वाची आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच. ही लेबलं कोणीही लिहू शकतो. गुलाबी रंगाचं 'पिंक व्हॉट्सॲप' नवी आवृत्ती म्हणून फिरत होतं, तेव्हा २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाईलच्या नावात 'नवीन', 'प्रो' किंवा '५.०' असणं हा कसलाच पुरावा नाही. नावात 'डीसीएस' दिसलं म्हणूनही विश्वास ठेवू नये. ई-पीक पाहणीच्या नावापुढे ते खरोखर असतं, पण ती आवृत्ती नाही. डिजिटल क्रॉप सर्व्हे या केंद्राच्या उपक्रमाचं ते लघुरूप आहे.

खरी आवृत्ती बघायची असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्या ॲपवर दाबा; त्याच्या माहितीच्या पानावर, बहुधा सगळ्यात खाली, आकडा दिसतो. मग प्ले स्टोअरमध्ये स्वतः ॲपचं नाव शोधा. तिथे 'अपडेट'चं बटण नसेल, तर तुमच्या फोनसाठी तिथे असलेली आवृत्ती तुमच्याकडे आधीच आहे, ग्रुपवरचा मेसेज काहीही सांगत असला तरी.