सहासष्ट अंशांची पेटी

महालक्ष्म्यांच्या नैवेद्यासाठी ज्वारीची आंबील शिजवताना एक क्षण हाताला नेमका कळतो. पीठ कालवलेले पाणी बराच वेळ पातळच राहते आणि मग एकाएकी पळी जड लागते. स्टार्चचे घट्ट कण पाणी पिऊन फुगतात आणि उकलतात, तो हा क्षण. ज्वारीत हे साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडते. जवात मात्र ते ६५ अंशांच्या आतच उरकते. सहलीच्या बर्फपेटीत धान्याची साखर करायला निघालेल्याने हा फरक आधी ओळखावा.

बर्फपेटी यात आली ती बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांमुळे. मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातली अमायलेज नावाची विकरे स्टार्च तोडून साखर करतात. अशा विकराचा पहिला शोधही मोडाच्या जवातच लागला, १८३३ मध्ये, पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना. यातले बीटा-अमायलेज माल्टोज ही साखर तयार करते, पण ६५ अंशांच्या वर फार काळ टिकत नाही. अल्फा-अमायलेज सत्तरीपर्यंत काम करते. म्हणून ६६ अंशांच्या आसपास, तासभर, न हलता राहायचे. चुलीवर हे साधणे कठीण, कारण तळ करपतो आणि वरचा थर निवतो. बर्फपेटीच्या दुहेरी भिंतीतला फोम उष्णता आत येऊ देत नाही, तशीच बाहेरही जाऊ देत नाही. भरलेली पेटी तासाभरात एखाद-दुसरा अंशच गमावते.

पेटीत करायचा बदल छोटा आहे. पाणी सोडायच्या भोकात स्टीलचा कॉक बसवायचा आणि आतून त्याला स्टीलच्या जाळीची नळी जोडायची, म्हणजे चोथा मागे राहून गोड रस बाहेर येतो. आतले अस्तर अन्नासाठी चालणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे हवे. थर्माकोलची उघडी पेटी यासाठी अजिबात वापरू नये.

पाणी किती तापवायचे, हे धान्य किती गार आहे त्यावर ठरते. चार किलो भरडा आणि दहा लिटर पाणी घेतले आणि धान्य ३० अंशांवर असले, तर ६६ गाठायला पाणी ७२ अंशांचे लागते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पोत्यातले धान्य ४० अंशांवर असेल, तर ७० पुरतात. घाटावर बुलढाण्यात डिसेंबरच्या सकाळी ते १५ वर असेल, तर ७४ लागतात. रिकामी पेटी आधी गरम पाण्याने शेकून घ्यावी, नाहीतर तिच्या भिंतीच दोन-तीन अंश पिऊन टाकतात.

आपल्याकडे मात्र हा प्रयोग गोड रसापाशीच थांबला पाहिजे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. मला स्वतःला तो रसच जास्त मोलाचा वाटतो. आटवला की त्याचे काकवीसारखे चाटण होते, आणि ते ज्वारीचेही करता येते. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीला शेताच्या कडेला ढकललेल्या या बुलढाणा जिल्ह्यात भाकरी आणि कडब्यापलीकडचा तिचा एखादा उपयोग हाती लागला, तर तो हवाच आहे.

पण जवाची कृती ज्वारीला जशीच्या तशी लावली तर फसते. ६६ अंशांवर ज्वारीचा स्टार्च उकललेलाच नसतो, आणि तो उकलावा म्हणून तापमान चढवले तर विकरे मरतात. शिवाय मोडाच्या ज्वारीत बीटा-अमायलेज मुळातच कमी. आफ्रिकेत ज्वारीची पेये करणाऱ्या बायकांनी हा पेच कधीच सोडवला आहे. धान्य आधी शिजवायचे, निवू द्यायचे आणि मग मोडाच्या धान्याचे पीठ घालायचे. आपणही तेच करावे. एक किलो ज्वारीचे पीठ चार-पाच लिटर पाण्यात आंबिलीसारखे शिजवून ६७ अंशांपर्यंत निवू द्यावे, त्यात पाव किलो मोडाच्या नाचणीचे पीठ मिसळून पेटी बंद करावी. घट्ट खळ थोड्याच वेळात सैल होऊ लागते. स्टार्च संपला का, हे बशीत काढलेल्या थेंबावर आयोडीन टाकून कळते. निळा-काळा रंग आला तर अजून थांबायचे. तो थेंब मात्र फेकून द्यायचा.

नाचणी मी मुद्दाम सांगतो आहे. ज्वारीच्या कोंबात आणि मुळांत धुरिन हे द्रव्य असते आणि त्यातून सायनाइड सुटते. घरी ज्वारीला मोड आणायचेच असतील, तर वाळवल्यावर कोंब व मुळ्या चोळून पूर्ण काढल्याशिवाय ती वापरू नये. नाचणीत ही भीती नाही.

मोडाच्या धान्यातल्या याच विकरांवर १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी काम केले. लहान मुलाची लापशी घट्ट झाली की त्याला ती गिळवत नाही, पातळ केली की पोटात नुसते पाणी जाते. घट्ट लापशीत मोडाच्या धान्याचे चिमूटभर पीठ घातले, तर ती गिळण्याइतकी सैल होते आणि धान्य जेवढे होते तेवढेच राहते. यासाठी पेटीसुद्धा लागत नाही. लापशी गरम असताना पीठ ढवळून काही मिनिटे झाकून ठेवायची आणि भरवण्याआधी एक उकळी काढायची.