ब्लेड नाही, काप मात्र आहे

परीक्षा संपली की आमच्या विंगमधले एकदोघे तरी 'नंबर घालवायला' जातात. जाहिरातीत 'ब्लेडलेस' असं वाचून परवा मेसमध्ये एकजण म्हणाला, "काही कापतच नाहीत रे!" मित्रांनो, कापतात. पात्याऐवजी प्रकाशाने कापतात, एवढंच.

डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण ५४० मायक्रॉन. लॅसिकमध्ये तिचा वरचा पापुद्रा उचलतात, खालचा थोडा भाग एक्सायमर लेसरने उडवून आकार बदलतात आणि पापुद्रा परत बसवतात. पापुद्रा कापायला पूर्वी सुताराच्या रंध्यासारखं, थरथरणाऱ्या पात्याचं यंत्र असायचं. ब्लेडलेसमध्ये हे काम फेमटोसेकंद लेसर करतो.

त्याचा अवरक्त प्रकाश एरवी कॉर्नियातून आरपार जातो. मग कापतो कसा? समजा एका पल्समध्ये १ मायक्रोज्यूल ऊर्जा आहे. म्हणजे काहीच नाही. पण ती ५०० फेमटोसेकंदांत सोडली, तर पॉवर येते २ मेगावॉट! ती काही मायक्रॉनच्या ठिपक्यात एकवटली की फक्त तिथेच प्लाझ्मा होतो, बारीक बुडबुडा उठतो आणि थर सुटे होतात. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला भोकं असतात ना, तसे असंख्य ठिपके शेजारी शेजारी मारले की पापुद्रा मोकळा. उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही.

ही कल्पना सुचली अपघातातून. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात जेरार मुरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा लेसर गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांना आतली जखम कमालीची नेटकी दिसली, आणि तिथून पुढे काम सुरू झालं. (आपल्या लॅबमध्ये गॉगल न लावणाऱ्यांनी यातून भलतीच स्फूर्ती घेऊ नये.) अशा पल्सची ताकद वाढवण्याच्या पद्धतीसाठी मुरू आणि डॉना स्ट्रिकलँड यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पात्यापेक्षा लेसरने पापुद्र्याची जाडी जास्त एकसारखी येते, हा फायदा खराच. पण माझ्या मते खरा प्रश्न खाली किती उरतं हा आहे. ढोबळ सूत्र सोपं आहे: नंबर गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले ३. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. माझ्या रूममेटचा नंबर उणे ८, व्यास ६, म्हणजे ९६ मायक्रॉन गेले. पापुद्र्याचे ११०. त्याची जाडी ४७०, उरले २६४. किमान २५० तरी उरावेत असा संकेत आहे, म्हणजे कागदावर गडी काठावर पास! पण कॉर्नियाच्या नकाशात खालच्या बाजूला फुगवटा दिसला. ही केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होत पुढे येण्याची, सुरुवात असू शकते. अशा डोळ्याचा पापुद्रा कापला तर तो आणखी कमकुवत होतो, मग कापायला पातं असो वा लेसर. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. घरून आणलेले पैसे त्याने परत पाठवले. डोळे चोळायचे नाहीत आणि दर सहा महिन्यांनी नकाशा काढायचा, असं त्याला सांगितलंय.

तपासणीला जाणार असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशाच चुकतो.