इकिगाईची वाट लोणंदवरून

'इकिगाई' म्हटलं की एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं आठवतात: आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते आणि पैसे मिळवून देतं ते. चारही जिथे मिळतात तिथे आयुष्याचं प्रयोजन. पण हे चित्र जपानी नाही. मुळात ती आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाची आकृती. 2014 मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने तिच्या मधोमध 'इकिगाई' लिहिलं आणि ती जगभर पसरली. या हिशेबात नातवंडं सांभाळणारी आजी बसत नाही, की अंथरुणाला खिळलेला माणूसही.

जपानमध्ये या विषयाचा पाया घातला मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी. नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांमध्ये त्यांनी काम केलं. आजार तोच, बेटही तेच. तरी कुणाला आयुष्य पोकळ वाटे, तर कुणाला जगण्यात अर्थ गवसलेला असे. त्यातूनच 1966 साली त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं. माणसाच्या मनाच्या गरजांत त्यांनी प्रतिसादालाही जागा दिली. आपण कुणाला तरी हवे आहोत, ही जाणीव माणसाला उभं ठेवते.

ती जाणीव डोळ्यांनी पाहायची असेल, तर आषाढीच्या आधी लोणंदला यावं. एरवी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव तेव्हा वारीचं होतं. नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला थांबते. इथे राहुट्यांच्या दोऱ्यांवर धुतलेली लुगडी वाळतात, तुटलेल्या चपलांना टाके पडतात, पायांना तेल लागतं. चालण्याइतकंच थांबणंही वारीच्या आखणीत आहे. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहतात, मधून अश्व दौडतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

दिंडीत प्रत्येकाच्या वाट्याला काही तरी असतं. कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या डोक्यावर तुळस. आवाज कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

जपानच्या शिकोकू बेटावरही अशीच एक वाट आहे: 88 मंदिरांची, सुमारे 1200 किलोमीटरची. नवव्या शतकातले संत कोबो दाइशी प्रत्येक यात्रेकरूसोबत चालतात, अशी श्रद्धा. हातातली काठी हे त्यांचंच रूप. वाटेवरची घरं यात्रेकरूंना चहा, संत्री, खाऊ देतात. या देण्याला 'ओसेत्ताई' म्हणतात. देणाऱ्याच्या मनात आपण दाइशींनाच दिलं, हा भाव असतो. लोणंदच्या दारात भाकरी वाढणारी बाईही समोरच्याला 'माऊली'च म्हणते.

दोन्हीकडे प्रयोजन एकट्याने शोधायचं नसतं. ते माणसांमध्ये असतं आणि रोजच्या कामातून हाती लागतं. समतोलही तसाच. शेतकरी पेरणी उरकून वारीला निघतो आणि परत येऊन पुन्हा शेताला लागतो. संसार आणि वारी यांपैकी एकाची निवड करायला त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून वर्तुळं काढण्याआधी एवढंच विचारावं: उद्या सकाळी मी उठलो नाही, तर कुणाचं काम अडेल? उत्तरात पाणी हवं असलेलं एखादं झाड आलं, औषधाची वेळ विसरणारे वडील आले, तरी तिथून सुरुवात करता येते. आणि उत्तर आलंच नाही, तर कुणाच्या तरी उपयोगी पडायला सुरुवात करावी. प्रयोजन आधी सापडावं आणि मगच कामाला लागावं, अशी अट ना शिकोकूत आहे, ना वारीत.