सोनकी की कॉसमॉस? रीलमधलं ते पिवळं फूल नेमकं कोणतं?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की इन्स्टाग्राम पिवळं होतं. घाटरस्ता, धुकं, पिवळ्या फुलांचा गालिचा आणि खाली हॅशटॅग सोनकी. यातल्या बऱ्याच रीलमधलं फूल सोनकी नसतंच. तो असतो मेक्सिकोहून बागेत आलेला आणि कुंपण ओलांडून डोंगरावर पसरलेला कॉसमॉस.

एवढा गोंधळ होतो कारण ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली मंडळी. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. मधल्या चकतीत बारीक बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल असतं. या कुळात जगभरात २० हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी पिवळ्या. त्यामुळे नुसत्या रंगावरून ओळखायला गेलात तर फसणार.

मग बघायचं काय? आधी पान. सोनकीचं पान अखंड असतं, कडा दातेरी, आणि पानं खोडावर एकाआड एक येतात. कॉसमॉसची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि इतकी कातरलेली असतात की झेंडूच्या पानांची आठवण व्हावी. फूल नसतानाही एवढ्यावर फरक कळतो. उंचीही बघा. सोनकी साधारण गुडघ्याच्या आतबाहेर राहते, कॉसमॉस सहज कमरेपर्यंत जातो.

आता फूल उलटं करा (तोडू नका, नुसतं वाकवा). सोनकीच्या मागे हिरव्या दलांची एकच सरळ रांग दिसते. कॉसमॉसच्या मागे दोन रांगा असतात, बाहेरची दलं अरुंद आणि हिरवी. त्याच्या पाकळ्या बहुतेक ८, रुंद, टोकाला दाते असलेल्या. रंग पिवळ्यापासून भडक केशरीपर्यंत. केशरी दिसलं तर सोनकीचा विषयच संपला.

बी तर अजून वेगळं. सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओ. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा, आणि हे नाव बियांवरच्या पांढऱ्या केसांवरून पडलंय. कॉसमॉसचं बी काळपट, लांब, सुईसारखं. ट्रेकवरून आल्यावर पँटला चिकटलेलं सापडतं ते हेच असू शकतं.

नाव चुकलं तर एवढं काय बिघडलं? सोनकी पश्चिम घाटातली आहे. पावसाळ्यात कास पठारावर इतर रानफुलांच्या आणि गवताच्या सोबतीने फुलते. कॉसमॉस मात्र दाट रान करतो आणि गवताला, लहान रानफुलांना जागाच उरत नाही. त्यावर फुलपाखरं बसतात हे खरं, पण तेवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही. 'सुंदर सोनकी' समजून कुणी त्याचं बी आणून टेकडीवर टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवेल हे सांगायला नको. झाड वर्षायू आहे, त्यामुळे बी धरायच्या आधी उपटलं तर पुढची पिढी थांबते. नंतर उपटणं म्हणजे बी पेरत फिरणं.

शेतात पिवळा पट्टा दिसला तर तो कारळ्याचाही असू शकतो, म्हणजे खुरासणी. पानं खरखरीत आणि खोडाला बिलगलेली, बी काळं चकचकीत. चटणीतला कारळा तो हाच. हे पीक आहे, फोटोसाठी आत शिरू नका.

आणि सोसायटीच्या बागेत, रस्त्याच्या दुभाजकावर जमिनीलगत पसरलेली, तीन खंडांच्या पानांची, पिवळ्या फुलांची वेल दिसते ना? ती वेडेलिया. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, आणि जगातल्या १०० सर्वात उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. पेराला मुळं फुटतात, म्हणून छाटून फेकलेला तुकडाही पुन्हा धरतो. तिला अनेकजण पिवळा माका समजतात. पिवळ्या माक्याची पानं अरुंद असतात, त्यांना खंड नसतात. केसांच्या तेलात घालतात त्या नेहमीच्या माक्याचं फूल तर पांढरं असतं. तेव्हा तेल उकळायला घेण्याआधी पान एकदा नीट बघा.